तिसऱ्यावर ठेवलेला माणूस

लेलेकाका संध्याकाळी ऑफिसातून निघताना खुर्ची आत सरकवायचे, चष्मा खिशात टाकायचे आणि टेबलावर जे काम अर्धं राहिलं असेल त्यावर बोटानं टकटक करून म्हणायचे, "तिसऱ्यावर माणूस ठेवलाय. उद्या आणू त्याला." शारजातल्या आमच्या त्या कंत्राटदार कंपनीत केरळचे, पेशावरचे, कैरोचे लोक होते, मराठी कळणारे आम्ही दोघंच. तरी हे वाक्य ते मराठीतच म्हणायचे, आणि कुणी विचारलं तर इंग्रजीत जसंच्या तसं सांगायचे. मॅनेजरनं एकदा मला जिन्यात गाठलं. "हबीबी, हा लेले रोज तिसऱ्या मजल्यावर कुणाला ठेवून येतो? कुठली साइट?" त्याला खरंच काळजी लागली होती, की एखादा मजूर रोज कुलपात राहतोय.

मी त्या कंपनीचा पिकअप चालवतो. अजूनही चालवतो. मूळचा आजऱ्याकडचा, आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. इथं आलो तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याची, व्हिसाच्या मेडिकलची, फोन वाजला की फोनची. पहिल्याच वर्षी लेबर कॅम्पात कावीळ झाली. खोलीतल्या लोकांनी माझं अंथरूण दाराबाहेर सरकवलं. त्यांचंही चूक नव्हतं. लेलेकाका ऑफिसची कागदं द्यायला आले होते, त्यांनी ते अंथरूण बघितलं आणि मला गाडीत घालून अल मजाजला आपल्या घरी नेलं. स्वयंपाकघराला लागून मोलकरणीसाठी असते तशी एक चिंचोळी खोली होती, तिच्यातली खोकी त्यांनी स्वतः गॅलरीत काढली. वृंदाकाकूंना म्हणाले, "चार दिवस राहील." मी त्या खोलीत अनेक वर्षं राहिलो. दर दिवाळीला करंज्या तळताना काकू विचारायच्या, "काय रे बाळू, चार दिवस झाले का?"

तिसऱ्यावरच्या माणसाचं ते वाक्य आणि त्यामागचा खेळ, दोन्ही एका चुकीतून आले होते. त्यांचा मुलगा ओजस तेव्हा लहान होता, कॉम्प्युटरवर क्रिकेटचा गेम हवा म्हणून हटून बसला होता. काका बर दुबईला गेले, देवळाच्या गल्लीत दर्शन घेतलं, आणि मीना बाजारातल्या एका दुकानातून डिस्क घेऊन आले. डब्यावर चित्र होतं: घामेजलेला मुलगा, हातात बॅट, मागं कुंपण. काकांना वाटलं, क्रिकेट. आपल्या माणसाला दुसरं काय वाटणार? घरी लावली तर ते बेसबॉल निघालं. तेही धड मैदानावरचं नाही, अमेरिकेतल्या पोरांनी घरामागच्या परसात प्लास्टिकच्या भोकाभोकांच्या बॉलनं आणि काठीसारख्या पिवळ्या बॅटनं खेळायचं. ओजस रडला. काका डिस्क घेऊन परत गेले तर दुकानदारानं हात झटकले, "खलास. सील खोल दिया." काका तसेच परत आले, मुलाशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आता घेतलाच आहे तर काय म्हणतोय ते तरी बघू."

बघता बघता त्यांना वेडच लागलं. त्या खेळावरचे सिनेमे त्यांनी शोधून काढले. त्यांत नेहमी एक उन्हाळा असायचा, एक शेजारचा खडूस म्हातारा, आणि कुंपणापलीकडे गेलेला बॉल. इंग्रजी शाळेच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून लहान मुलांच्या दोन कादंबऱ्या आणल्या. रोज जेवताना एक प्रकरण वाचायचे, म्हणजे इंग्रजीत बघायचे आणि तोंडानं मराठी करायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक शेवटपर्यंत ऐकलं ते तिथं, हातात भाकरीचा तुकडा घेऊन. पुढं काय होतं या काळजीनं माझं जेवण थांबायचं. काकू म्हणायच्या, "अहो, बाळूला आमटी तरी खाऊ द्या. तो पोरगा कुंपणावर चढलाय तो उद्या उतरेल." ओजस म्हणायचा, "बाबा, यू आर स्किपिंग लाइन्स." काका म्हणायचे, "चावट ओळी गाळतोय. तुझ्या आईसमोर वाचवत नाहीत." त्यात चावट काही नसायचं, त्यांना तो शब्द येत नसायचा एवढंच.

मग आम्ही खेळायला लागलो. बिल्डिंगमागं वाळूचा मोकळा प्लॉट होता, लोक तिथं गाड्या लावायचे. टेनिस बॉलनं कुणाची तरी काच फुटल्यापासून वॉचमननं क्रिकेट बंद केलं होतं. प्लास्टिकच्या बॉलनं काहीच फुटत नाही, हे काकांनी त्याच्या समोर त्याच्याच खिडकीवर बॉल मारून सिद्ध केलं. शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही खाली उतरायचो. फटका मारून पळत गाठायचे बेस, म्हणजे तळ, असे: पहिला रंगाच्या डब्याचं झाकण, दुसरा दिव्याचा खांब, तिसरा काकांची जुनी चप्पल. खेळणारे तिघंच. एक मारणार, एक टाकणार, एक पकडणार. आता मारणारा पळत जाऊन तिसऱ्या तळावर उभा राहिला तर पुढचा बॉल मारायला कोण? पुस्तकातल्या पोरांनी यावर तोड काढली होती, तीच आम्ही घेतली: तळावर आपल्या जागी एक न दिसणारा माणूस ठेवायचा आणि आपण परत येऊन बॅट धरायची. तो माणूस तिथं आहे असं सगळ्यांनी मानायचं. पुढचा फटका नीट बसला की तो धावत येतो आणि पॉइंट मिळतो. आपण आउट झालो तर तो तिथंच राहतो, बिचारा. आणि बॉल खेळात नसला तर त्यानं तळावरून हलायचंच नाही. काका मोठ्यानं पुकारायचे, "तिसऱ्यावर माणूस ठेवला!" आणि चपलेकडं असं बघायचे, की मलाही तिथं कुणीतरी दिसायचं.

माझी एक खोड शेवटपर्यंत गेली नाही. बेसबॉलमध्ये फटका मारला की बॅट टाकून पळायचं असतं. मी क्रिकेटवाला, बॅट हातात धरूनच पळायचो आणि तळाशी आलो की वाळूत ती लांब घासायचो. मला कळायचं, पण हात ऐकायचा नाही. काका ओरडायचे, "बॅट टाक! अरे बॅट टाक! सासऱ्याला दाखवायला चाललायस काय?" ओजस वाळूत बसून हसायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा काकांनी फोनवर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारला, की जावयानं बॅट आणून दाखवली का. सासरे आजतागायत गोंधळलेले आहेत.

त्यांचं दुसरं वाक्य माझ्यासाठीच होतं. एकदा माझ्या पिकअपची पाठ एका मोठ्या लँड क्रूझरला घासली. गाडीतून पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे इथल्या अरबांच्या पायघोळ झग्यातला माणूस उतरला, पोलिसांना फोन लावायला लागला, आणि मी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलो. लायसन्स गेलं, व्हिसा गेला, गावाकडं काय सांगू, सगळं एका क्षणात डोक्यात. काकांना फोन करून कसाबसा चौक सांगितला. ते टॅक्सी करून आले. माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "घाबरतोस काय? बॉल प्लास्टिकचा आहे." मला राग आला. पण पोलीस आला, त्यानं कागद लिहिला, विमा कंपनी बघेल म्हणाला, तो कंदुऱ्यातला माणूस मला पाण्याची बाटली देऊन गेला. खरंच काही फुटलं नाही. मेडिकलच्या आदल्या दिवशी, बायकोच्या बाळंतपणात, कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा, दर वेळी मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो आणि ते तेवढंच म्हणायचे. मी त्या वाक्यावर जगलो म्हटलं तरी चालेल.

ओजस मोठा झाला, कॅनडाला गेम बनवायचं शिकायला गेला, आणि तिथं दोन मित्रांबरोबर त्यानं आपला पहिला गेम करायला घेतला: परसातला प्लास्टिक बॉलचा बेसबॉल. काकांनी ही बातमी ऑफिसात पेढे वाटून सांगितली. मग त्यानं पहिली चित्रं पाठवली. हिरवं गवत, लाकडी कुंपण, मॅपलचं झाड. काका खूप वेळ फोन डोळ्यांजवळ धरून बघत राहिले.

"आपलं पार्किंग कुठाय यात?"

"बाबा, पीपल वॉन्ट अ बॅकयार्ड. पार्किंग लॉट इज सॅड."

"बरं. मग कॉमेंट्री तरी मी देतो. मराठीत. एका कोपऱ्यात राहू दे."

"नो वन विल अंडरस्टँड, बाबा. लेट्स सी. नंतर बघू."

या 'नंतर'वर काका हसले आणि खोकले. तो खोकला आधीपासून होता. आवाज बसला होता, आम्ही एसीला दोष देत होतो. अबुधाबीच्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला. मी गाडी चालवत होतो, म्हणून आत काकूंबरोबर मीही बसलो होतो. डॉक्टर सभ्य होता, हळू बोलला. घशात कॅन्सर आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा, आणि बोलणं बंद. परतताना गाडी हायवेला लागली. मी सवयीनं आरशात त्यांच्याकडं बघितलं. त्यांना कळलं मी कशाची वाट बघतोय.

"नाही बाळू," ते म्हणाले. "हा प्लास्टिकचा नाही."

ओजसला सांगायचं नाही, हे त्यांनी गाडीतच बजावलं. त्याचे तिकडचे कागद अर्धवट होते. आता देश सोडला असता तर परत घेतील याची खात्री नव्हती, आणि ऐकल्यावर तो थांबलाच नसता. काकू म्हणाल्या, "त्याला नंतर कळेल तेव्हा तो आपल्याला माफ करणार नाही हो." काका म्हणाले, "नको करू दे. तिकडं राहू दे." ऑपरेशन आठवड्यावर होतं. त्यांना एकच गोष्ट करायची होती. आवाज आहे तोवर तो मुलाच्या गेमसाठी भरून ठेवायचा. मुलगा नंतर म्हणतोय, आणि नंतर आवाज नसणार.

घरात शांतता नव्हती. एसीची घरघर, वरच्या मजल्यावरचं फर्निचर, रस्ता. काकांनी तोड काढली. ऑफिस सुटलं की मी पिकअप मागच्या प्लॉटवर लावायचा, इंजिन बंद, काचा वर. ऑगस्ट होता. दोन मिनिटांत स्टिअरिंगला हात लावता येईना. त्या भट्टीत आम्ही दोघं घामानं निथळत बसायचो, माझा फोन डॅशबोर्डवर, आणि ते घोगऱ्या आवाजात एकेक वाक्य सुटं बोलायचे. गेममध्ये वाक्यं सुटी लागतात, प्रत्येक दोन-तीन तऱ्हांनी, हे त्यांनी कुठंतरी बघून ठेवलं होतं. "मारला!" "बॉल कुंपणाबाहेर, आता आणायला कोण जाणार?" "तिसऱ्यावर माणूस ठेवला." "बॅट टाक, सासऱ्याला दाखवायची आहे काय!" मग खेळाडूंची नावं. खेळाडू तीनच: बाळू, स्वतःच्या जागी वृंदा, आणि ओजस. "बाळू आउट" हे त्यांनी इतक्या आनंदानं म्हटलं, की मी म्हणालो, "काका, जरा दुःखानं पण म्हणा." तर म्हणाले, "दुःखानं कसं म्हणू, तू होतोसच की दर वेळी." मध्येच काच खाली करून ते श्वास घ्यायचे. गळ्याला हात लावून बघायचे. परत काच वर.

सगळं त्यांनी ओजसला पाठवलं. खाली लिहिलं, 'सवडीनं ऐक.' ओजसनं अंगठा पाठवला.

ऑपरेशननंतर व्हिडिओ कॉल टाळत टाळत किती टाळणार? एक दिवस ओजस हट्टालाच पेटला. काकूंनी फोन काकांसमोर धरला. गळ्याला पट्टी, मध्ये भोक, काका हसतायत, ओठ हलतायत आणि आवाज नाही. पलीकडून ओजस ओरडायला लागला, "व्हाय डिड नोबडी टेल मी? आई! बाळूदादा! व्हाय?" आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे. तो निघतो म्हणाला, आत्ताच्या आत्ता तिकीट काढतो म्हणाला. काकांनी हातानं थांब थांब केलं आणि फोनवर टाइप केलं: 'तू तिसऱ्यावर आहेस. बॉल खेळात नाही. हलू नकोस.' ओजसनं ते वाचलं आणि कॅमेरा बंद केला.

कंपनीनं तीन महिने सांभाळलं, मग मॅनेजरनं बोलावलं. त्याचे डोळे ओले होते, हेही सांगायला हवं. पण ज्या माणसाला साइटवर फोन करता येत नाही त्याला ठेवणार कुठं? नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की इतक्या वर्षांचं घर महिन्याभरात खोक्यांत. जी खोकी माझ्यासाठी गॅलरीत गेली होती तीच परत आत आली. शारजा एअरपोर्टला मीच सोडलं. दारापाशी काका थांबले, मला जवळ घेतलं. त्यांच्या गळ्यातून येणारा श्वास माझ्या कानाशी वाजत होता. मग दोन पावलं मागं सरकले, माझ्याकडं बोट केलं, जमिनीवर एक जागा दाखवली आणि तीन बोटं वर केली. मी मान हलवली. काकू म्हणाल्या, "चल रे, झाले तुझे चार दिवस." आणि रडल्या.

पुण्यात ते पावसाळ्यापर्यंत होते. आजार फुप्फुसात उतरला. ओजस पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

गेम पुढच्या हिवाळ्यात आला. मी बर दुबईच्या खोलीत, आता तिथं आम्ही सहाजण राहतो, फोनवर उतरवून घेतला. गवत, कुंपण, मॅपल. कॉमेंट्री इंग्रजीत, कुणा गोऱ्या माणसाची. मी प्रत्येक बटण दाबून बघितलं. काकांचा आवाज कुठंच नव्हता. मी ओजसला काही विचारलं नाही. मला काय हक्क?

वर्षश्राद्धाला पुण्याला जाताना तो एक दिवस शारजात उतरला. म्हणाला, प्लॉट बघायचाय. प्लॉटला पत्रे ठोकलेले, त्यावर नव्या टॉवरचं चित्र, आत क्रेन. आम्ही बाहेर पिकअपमध्ये बसून राहिलो. पत्र्यांकडं बघत तो म्हणाला, "आय हॅवन्ट ओपन्ड द फाइल्स, बाळूदादा. नॉट वन. मला जमलंच नाही."

मी इंजिन बंद केलं आणि काचा वर केल्या.

"व्हॉट आर यू डूइंग?"

"त्यांनी असंच केलं होतं."

माझ्या फोनमध्ये सगळं होतं. मी लावलं. पहिल्या "मारला!"ला त्यानं तोंडावर हात घेतला. मग बाळू आउट, तीन तऱ्हांनी, आणि तो रडता रडता हसला. मग वृंदा आउट, जरा दबकून, बायको ऐकेल या भीतीनं. मग "ओजस", आणि पुढं काही नाही. नुसता श्वास. माझा आवाज येतो, "काका, आउट म्हणायचं राहिलं." परत श्वास. मग काकांचा घोगरा आवाज, "हे नाही जमायचं रे. त्याला सांग, या प्लेयरला आउटचं बटणच ठेवू नकोस. चल, बंद कर."

गाडीत हवा राहिली नव्हती. ओजस काच खाली घेईना. घाम आणि डोळे यांत फरक उरला नव्हता. शेवटी त्यानं मराठीत विचारलं, "खोकला कुठं कापलाय का यात?"

"नाही. सगळा आहे."

"नका कापू," तो म्हणाला.

काही महिन्यांनी गेमची दुरुस्त केलेली आवृत्ती आली. गवत तेच, कुंपण तेच. कुंपणाच्या फटीतून आता एक पांढरा पिकअप दिसतो. खेळाडूंत एक नवा आहे, नाव नाही. फटका मारला की तो बॅट हातात घेऊनच पळतो आणि तळाशी ती जमिनीवर घासतो. तेव्हा कुठूनतरी एक बसलेला आवाज मराठीत ओरडतो. परदेशी पोरं गेमच्या कंपनीला लिहितात, की ही चूक आहे, सुधारा, हा बॅट टाकत नाही, आणि तो म्हातारा काय ओरडतोय ते आम्हाला कळत नाही. ओजस उत्तर देत नाही. आणखी एक खेळाडू आहे. त्याच्याबद्दलही तक्रारी येतात, की तो काही केल्या आउट होत नाही.

मी सुट्टीच्या सकाळी खेळतो. पुढं कुठलं मेडिकल असलं, कंपनीतून फोन आला, की जास्त. एक फटका मारतो, तळ गाठतो, आणि आवाज येतो, "तिसऱ्यावर माणूस ठेवला." पुढचा बॉल नीट मारला तर तो माणूस धावत येईल, तिसरा तळ रिकामा होईल. खोलीतले लोक खांद्यावरून बघत ओरडतात, "यल्ला बाळू, मार ना!" मी बॅट धरून नुसता उभा राहतो. बॉल येतो आणि जातो.